आधी जोरात फुंका, मग झोपून दाखवा

छातीच्या डॉक्टरकडून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर हल्ली दोन नावं एकाखाली एक दिसतात: पीएफटी (फुंकून द्यायची फुप्फुसाची चाचणी) आणि स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची चाचणी). तक्रार साधीच असते. दोन जिने चढले की धाप लागते, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, दुपारी खुर्चीतच डुलकी लागते. एक्स-रे काढून झालेला असतो आणि तो नॉर्मल असतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८. मग आणखी चाचण्या कशाला? आणि दम दिवसा लागतोय तर झोप तपासून काय मिळणार? हा प्रश्न रिक्षात, घरी, शेजाऱ्यांकडे दहा वेळा विचारून होतो. डॉक्टरला विचारायचा तेवढा राहतो.

त्यात डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं टिर्झेपॅटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनाला झोपेत श्वास अडण्याच्या आजारावरही मान्यता दिली. तेच औषध मार्च २०२५मध्ये भारताच्या बाजारात मधुमेह आणि वजनासाठी आलं, आणि ‘घोरणं बंद करणारं इंजेक्शन’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागलं. इंजेक्शनाची चौकशी करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपला श्वास एकदा तरी मोजून घेतला असेल, याची मला शंका आहे. रक्तदाब आपण गणपतीच्या मंडपातल्या शिबिरातही मोजून घेतो. श्वास मात्र आपल्याला न मोजताच कळतो असं वाटतं.

उभ्या एसटीचा फोटो

एक्स-रे म्हणजे उभ्या एसटीचा फोटो. काच फुटली आहे का, पत्रा चेपला आहे का, ते त्यात दिसतं. न्यूमोनिया, क्षयाचा डाग, छातीत साठलेलं पाणी अशा गोष्टी तो दाखवतो. पण गाडीचं दार अर्धवट उघडतं आणि माणसं अडकून बसतात, हे फोटोत कसं दिसणार? त्यासाठी गाडी स्टँडवर लागताना पाहावी लागते. दमा आणि सुरुवातीचा सीओपीडी (म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) ही दोन्ही दुखणी दाराची आहेत, म्हणून त्यांच्यात एक्स-रे बहुतेक वेळा निर्दोष निघतो.

आपल्या जाणिवेवरही फार विसंबता येत नाही. फुप्फुसाची शिल्लक मोठी असते. बरीच खर्च होईपर्यंत माणसाला काही कळत नाही, कारण तो नकळत सवयी बदलत जातो. लिफ्ट घेतो, बाजाराची पिशवी मुलाकडे देतो, टेकडीवर जायचं सोडतो आणि म्हणतो, ‘वय झालं’. पंचविशीनंतर निरोगी माणसाच्याही फुंकेतली हवा दर वर्षी साधारण २५-३० मिलिलिटरनं कमी होते, हे खरं. पण धुरात आयुष्य गेलेल्या माणसाची घट याहून बरीच वेगानं होऊ शकते. वय आणि आजार यांतला फरक आकड्यानंच कळतो.

सहा सेकंदांची फुंक

पीएफटी म्हणजे फुप्फुसाच्या कामाच्या चाचण्यांचा गट. त्यातली मुख्य स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा आणि मग सगळा जोर लावून एका झटक्यात सोडायचा, आणि सोडतच राहायचं. समोरचा तंत्रज्ञ ओरडत असतो, ‘सोडा सोडा सोडा, अजून, अजून, अजून!’ बाहेर बसलेल्यांना वाटतं आत कबड्डीचा सामना चालू आहे. मी कुतूहलापोटी ही चाचणी दिली तेव्हा दुसऱ्या फुंकेला हसू आलं आणि ती फुंक बाद झाली.

बाद होते, कारण नियम कडक आहेत. फुंक मध्ये अडखळता कामा नये. खोकला आला तर चालत नाही. मोठ्या माणसाला साधारण सहा सेकंद किंवा त्याहून जास्त, म्हणजे आतून आणखी काही निघेनासं होईपर्यंत फुंकायचं असतं. निदान तीन फुंका नीट जमाव्या लागतात आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोघींत १५० मिलिलिटरहून जास्त तफावत नसावी. दोन मिनिटांत एकच फुंक घेऊन हातात कागद दिला असेल, तर त्या कागदावर फार विश्वास ठेवू नका, हे मी स्पष्टच सांगतो.

चुलीपुढं आयुष्य काढलेल्या आजीला ही चाचणी तिच्याच भाषेत सांगता येते: फुंकणीनं चूल पेटवायची आहे, पण एकाच दमात. आणि याच आज्यांना ती जास्त लागते. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना सीओपीडी होत नाही हा समज पुसण्यात पुण्याचा हात आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांच्या सीओपीडीचा आढावा घेतला होता. त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण म्हणून पुढं आलं.

अलीकडेच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल तर आधी सांगा. इतका जोर लावणं तेव्हा बरं नाही. दम्याचा पंप (इनहेलर) घेत असाल तर चाचणीआधी किती तास थांबायचं तेही विचारून घ्या. पंप घेऊन गेलात तर दार आधीच उघडलेलं असेल आणि दुखणं लपून जाईल.

दार अडलंय की गाडीच मिनीबस आहे?

रिपोर्टवर दहा-बारा आकडे असतात. त्यांतले दोन समजले तरी पुष्कळ. एफव्हीसी म्हणजे पूर्ण फुंकेत बाहेर आलेली एकूण हवा: गाडीतून एकूण किती प्रवासी उतरले. एफईव्ही-१ म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा: दार उघडताच किती जण उतरले. निरोगी माणसात ७० ते ८० टक्के किंवा त्याहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते.

प्रवासी भरपूर आहेत पण पहिल्या सेकंदात निम्मेच उतरले, तर दार अडलंय. त्याला अडथळ्याचा आजार म्हणतात, आणि दमा व सीओपीडी त्यातच येतात. उलट सगळे झटपट उतरले पण मुळात होतेच थोडे, तर गाडी मिनीबस आहे. फुप्फुस आखडलंय, छातीचा पिंजरा वाकलाय, किंवा पोटाचा घेर छाती-पोटामधल्या पडद्याला खाली सरकू देत नाही.

दार अडलेलं दिसलं की पंपातून औषध देतात, पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. फुंक १२ टक्के आणि किमान २०० मिलिलिटरनं सुधारली तर दार औषधानं उघडतंय, असा अनेक वर्षांचा ठोकताळा आहे. असं दार दम्याकडे बोट दाखवतं. औषधानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांखाली राहिला आणि तक्रारी, धुराचा इतिहास जुळला, तर सीओपीडी.

दम्यात एक गोची आहे. त्याचं दार रोज अडत नाही. चाचणीच्या दिवशी माणूस ठणठणीत असतो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघ, तुझ्या मनाचे खेळ’. नॉर्मल स्पायरोमेट्रीनं दमा खोडून निघत नाही. अशा वेळी पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी घरी देतात. सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहायचे. दोन-तीन आठवड्यांची वही एका दिवसाच्या मोठ्या यंत्राहून जास्त बोलते.

‘७८ टक्के’ म्हणजे कोणाच्या ७८ टक्के?

रिपोर्टवर ‘अपेक्षित’ नावाचा रकाना असतो आणि तुमचा आकडा त्याच्या टक्क्यांत दिलेला असतो. शाळेच्या मार्कांसारखा तो वाचू नका. ही अपेक्षा तुमचं वय, उंची आणि लिंग यांवरून यंत्र काढतं. उंचीचा धडा जुना आहे. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरनं १८४६मध्ये आपलं यंत्र मांडलं तेव्हा त्यानं खलाशी, पोलीस, आगीचे बंबवाले अशा दोन हजारांहून जास्त लोकांच्या फुंका मोजल्या होत्या. उंची वाढते तशी फुंक वाढते, हे त्याच्या लक्षात आलं. विमा कंपन्यांना याचा उपयोग होईल असंही त्याला वाटत होतं.

पण उंची सारखी असली तरी सगळ्या देशांतल्या माणसांची फुंक सारखी येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं यंत्रात गोऱ्या युरोपीय लोकांचे आकडे भरून इतरांसाठी त्यांतून सरसकट दहा-पंधरा टक्के वजा करायची पद्धत होती. शास्त्राच्या नावाखाली हा ढोबळपणाच होता, आणि त्याला वर्णभेदाचा वासही होता. आता वंश न पाहता सगळ्यांना एकच सूत्र लावावं अशी शिफारस आली आहे, तरी कोणत्या दवाखान्याचं यंत्र कुठल्या सूत्रावर चालतंय ते रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं. दोन ठिकाणी चाचणी केली आणि टक्के वेगळे आले, तर भांडण्याआधी तो कोपरा बघा आणि टक्क्यांऐवजी लिटरची तुलना करा. ७० टक्क्यांची रेषाही वयानुसार थोडी फसवी आहे. पहिल्या सेकंदाचा वाटा वयाबरोबर निरोगी माणसातही घसरतो. म्हणून ऐंशीच्या आजोबांना उगाच शिक्का बसू शकतो आणि तिशीतला रुग्ण सुटू शकतो.

जे उतरलेच नाहीत त्यांची मोजणी

स्पायरोमेट्रीत उतरलेलेच प्रवासी मोजता येतात. चालक-वाहक गाडीतच असतात. फुप्फुसातही कितीही फुंकलं तरी मोठ्या माणसात लिटरभर किंवा थोडी जास्त हवा मागे उरतेच. सीओपीडीत मात्र मागच्या बाकावरचे प्रवासीही आत अडकतात, आणि मग उतरलेले थोडे दिसल्यानं मोठी गाडी मिनीबस वाटते. हा घोळ सोडवायला काचेच्या बंद खोक्यात बसवून करायची चाचणी आहे. खोक्यातल्या दाबावरून छातीतली सगळी हवा मोजता येते.

तिसरा प्रश्न वेगळाच आहे: आलेला प्राणवायू रक्तात उतरतो का? हवेच्या फुग्यांची भिंत गाळणीच्या कापडासारखी पातळ असते. ती जाड झाली की झिरपणं मंदावतं. हे मोजायला अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा देऊन दहा सेकंद श्वास रोखायला लावतात आणि किती वायू रक्तात गेला ते बघतात. नाव ऐकून घाबरू नका, मात्रा अगदी किरकोळ असते.

२०२५च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो गदारोळ झाला, त्यामागचा वैद्यकीय मुद्दा हाच होता. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेल्यानं काही जणांच्या फुप्फुसात प्रतिक्रिया होऊन ही भिंत जाड आणि कडक होते. सगळ्यांना होत नाही. पण ज्यांना होते त्यांची गाडी मिनीबस होते आणि गाळणीही बुजत जाते. बरेचदा गाळणीचा आकडा आधी पडतो.

दिवसाच्या चाचणीला रात्र दिसत नाही

वरच्या सगळ्या चाचण्या जागेपणीच्या आहेत. झोप लागली की नियम बदलतात. जिभेमागची घशाची नळी श्वासनळीसारखी कडक कड्यांनी धरलेली नसते. दिवसा तिला स्नायू उघडी धरतात. शहाळ्यात कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाली की जोरात ओढल्यावर ती चपटी होते आणि पाणी येईनासं होतं. झोपेत घशाचं तेच होतं. अर्धवट चपटी झाली की भिंती फडफडतात, ते घोरणं. पूर्ण मिटली की शांतता पसरते. घरच्यांना हायसं वाटतं, ‘चला, थांबला एकदाचा’. थांबलेला असतो श्वास. छाती-पोट ओढत राहतात, प्राणवायू घसरतो, शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा फुरफुराट होतो आणि चक्र पुन्हा सुरू. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही.

हा ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले तेव्हा डॉक्टरांनी कारणांत त्याचं नाव घेतलं आणि अनेक घरांत हा शब्द पहिल्यांदा पोचला. भारतातल्या अभ्यासांचा २०२३मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सुमारे ११ टक्के प्रौढांना, म्हणजे दहा कोटींवर लोकांना हा त्रास असल्याचा अंदाज निघाला.

तारा, पट्टे आणि परकी खोली

स्लीप स्टडीत तुम्हाला काही करायचं नसतं, झोपायचं असतं. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावतात, त्यावरून झोपेची अवस्था कळते. नाकापुढं हवा मोजणारी नळी, छाती-पोटावर दोन पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. पट्टे महत्त्वाचे. हवा थांबली पण पट्टे ताणले जातायत, तर घसा मिटलाय. हवा थांबली आणि पट्टेही स्तब्ध, तर मेंदूकडून हुकूमच सुटलेला नाही. नळाला पाणी नाही ते तोटी बंद म्हणून की मोटरच चालू नाही म्हणून, तसा हा फरक आहे. उपाय वेगळे आहेत.

श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा फार मंदावून प्राणवायू घसरला की एक घटना मोजतात. तासाला अशा किती, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचाखाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांना एकदा. पण हा आकडा एकट्यानं वाचू नये. दहा-दहा सेकंदांच्या तीस घटना आणि मिनिटभराच्या तीस घटना त्याला सारख्याच. रात्रीतली किती मिनिटं प्राणवायू ९०च्या खाली होता, ती ओळही शोधा.

परक्या खोलीत तारा लावून झोप कशी येणार, ही भीती सगळ्यांना असते. घरच्यासारखी येत नाहीच. पण निदानाला रात्रभराची गाढ झोप लागत नाही, काही तासांची पुरते. पहाटेची साखरझोप मात्र मिळायला हवी. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, तेव्हा स्नायू सर्वांत सैल पडतात आणि घसा सर्वांत जास्त मिटतो. ‘मला चारला उठून जायचंय’ म्हणणारा माणूस आपल्याच रिपोर्टमधून सर्वांत वाईट तास कापून टाकतो. घरी करायची छोटी चाचणीही आहे आणि सरळसाध्या केसला ती चालते. मात्र तिच्यात बहुधा मेंदूच्या तारा नसतात. तुम्ही कूस बदलत जागे होता तो वेळही झोपेत धरला जातो, त्यामुळं आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. घरची चाचणी नॉर्मल आली तरी संशय दाट असेल तर मोठी करावी लागते.

मनगटावरचं घड्याळ? २०२४मध्ये अमेरिकेत काही स्मार्ट घड्याळांना अ‍ॅप्नियाची शंका सांगण्यापुरती परवानगी मिळाली. त्यानं इशारा दिला तर दुर्लक्ष करू नका, गप्प राहिलं तर निश्चिंत होऊ नका.

‘पण मी तर पडल्या पडल्या झोपतो’

हे वाक्य लोक अभिमानानं सांगतात. पाठ टेकताच, बसमध्ये, सिनेमात, सिग्नलला झोप लागणं ही चांगल्या झोपेची खूण नसून उधारीची असू शकते. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१मध्ये आठ प्रश्नांची एपवर्थ यादी बनवली: वाचताना, टीव्हीपुढं, जेवणानंतर बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकी शून्य ते तीन गुण, २४ पैकी दहाच्या वर गेलात तर चौकशी करा.

‘मी जाड नाही’ हाही बचाव पुरा पडत नाही. लहान, मागे असलेला जबडा पुरतो. स्त्रियांत तर घोरणं अनेकदा पुढं येतच नाही. त्या थकवा, सकाळची डोकेदुखी, झोपमोड सांगतात आणि पाळी थांबण्याच्या वयाचं कारण लावून घरी पाठवल्या जातात. पाळी थांबल्यानंतरच हा आजार त्यांच्यात वाढतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

दोन पाहुणे एकाच घरी

सीओपीडी आणि अ‍ॅप्निया एकाच माणसात असले की रात्रीचा प्राणवायू एकट्या आजारापेक्षा बराच खाली जातो. १९८५मध्ये एडिंबराच्या डेव्हिड फ्लेन्ली यांनी या जोडीकडे लक्ष वेधलं. अशा रुग्णाला घरच्यांनी मायेनं रात्री नुसता ऑक्सिजन लावला तर बोटावरचा आकडा सुधारतो, पण रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जाऊ शकतो, आणि तो ऑक्सिमीटरला दिसत नाही. सकाळचं जड डोकं अनेकदा त्याचंच असतं. फार लठ्ठ माणसांत दिवसाही हा वायू साचतो. त्याचा सुगावा शिरेतल्या रक्ताच्या साध्या बायकार्बोनेट तपासणीत लागतो. आकडा २७ किंवा वर असला तर मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन खात्री करतात. चिठ्ठीवर दोन चाचण्या एकाखाली एक का होत्या, त्याचं उत्तर इथं आहे.

मशीनचा हिशेब

उपचार सगळ्यांना सारखा नाही. कोणाला कुशीवर झोपणं पुरतं, कोणाला जबडा पुढं धरणारी दातांची पट्टी. टिर्झेपॅटाइडची मान्यताही लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असणाऱ्यांपुरती आहे. मध्यम-तीव्र आजारात मुख्य आधार अजून सीपॅपचाच. मास्कमधून थोड्या दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवायचा. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१मध्ये ही युक्ती जगापुढं मांडली.

‘त्यानं हार्ट अ‍ॅटॅक टळतो का?’ २०१६च्या सेव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना सीपॅप दिलं तरी झटक्यांचं प्रमाण घटलं नाही. घोरणं आणि दिवसाची झोप कमी झाली, पण हृदयाचा फायदा दिसला नाही. टीकाकार एका आकड्याकडे बोट दाखवतात: लोकांनी मास्क रात्री सरासरी ३.३ तासच लावला होता. त्यामुळं डॉक्टर पुढच्या भेटीला ‘कसं वाटतंय’ विचारण्याआधी मशीनचं कार्ड मागतात. कोणत्या रात्री किती तास लावलं ते त्यात लिहिलेलं असतं. ‘रोज लावतो हो डॉक्टर’ म्हणणारे मग जरा खोकतात आणि पाहुणे आले होते, असं सांगायला लागतात.